एक्स-रेखाली ठेवलेला लाडू

आम्ही अमेरिकेत कॅरी नावाच्या गावात राहायला आलो त्या पहिल्याच ऑक्टोबरात एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडते तो समोर एक सांगाडा, एक हिरव्या तोंडाची चेटकीण आणि चादर पांघरलेलं एक भूत. तिघांनी उशांचे अभ्रे माझ्यापुढे पसरले आणि काहीतरी ओरडले. मीही ओरडले. खोटं कशाला सांगू, गल्लीभर ऐकू जाईल अशी किंचाळले! आमचे हे स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच धावत आले, कारण त्या दिवशी पोळ्यांची पाळी त्यांची होती. मग त्या सांगाड्यानेच आम्हाला समजावलं की आज हॅलोवीन आहे आणि आम्ही त्यांना खाऊ द्यायचा आहे.

घरात चॉकलेट नव्हतं. ह्यांनी तिघांच्या हातावर एकेक केळं ठेवलं. सांगाडा त्या केळ्याकडे असा काही बघत राहिला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार लावल्यावर मात्र माझा जीव भडकला. म्हटलं, काय अभद्र लोक आहेत! दिवाळी तोंडावर आलीय आणि ह्यांच्या चांगल्या घरची मुलं मेलेल्या माणसांची सोंगं घेऊन दारोदार मागत फिरतायत. आईबाप घरात बसलेत, मुलं अंधार पडायच्या वेळी एकटी हिंडतायत, आणि कोणाला त्याचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. आजी म्हणजे पक्क्या अमेरिकन, सत्तरीच्या, एकट्याच राहायच्या. आमची केळ्यांची गोष्ट तोवर त्यांच्यापर्यंत पोचली होती. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मेणकागदात गुंडाळलेले चार गोळे आणले होते. उघडून बघते तर पाकात वळलेल्या मक्याच्या लाह्या. अगं बाई, हे तर आपले चुरमुऱ्याचे लाडू! आजी म्हणाल्या, ह्या गल्लीत तीस वर्षं माझे हे गोळे खाऊन मुलं मोठी झालीत, आता त्यांची मुलं येतात. कोणी कुकीज करतं, कोणी सफरचंदाला साखरेचा पाक लावतं. ते ऐकून माझा राग निम्मा उतरला. सोंगं काही का असेनात, घरात केलेलं दारी आलेल्या मुलाला द्यायचं, हे मला कळण्यासारखं होतं.

पण हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत बदललं, आणि किती भराभर! कुठल्याशा लांबच्या शहरात डोकेदुखीच्या गोळ्यांत कोणी विष घातलं आणि माणसं गेली. ती बातमी टीव्हीवर दिवसरात्र चालली. त्याच्यामागोमाग अफवा सुटल्या. कोणी म्हणे सफरचंदात ब्लेड सापडलं, कोणी म्हणे चॉकलेटात टाचण्या. कोणाच्या मुलाला सापडलं, ते मात्र कोणालाच सांगता यायचं नाही. पुढच्या हॅलोवीनला मुलांच्या मागे टॉर्च घेतलेले बाप आले. त्याच्या पुढच्या वर्षी मुलं उजेडातच येऊन जायला लागली. आई दारात पिशवी उघडून बघायची, कंपनीच्या वेष्टणातलं असेल तेवढंच ठेवायची, बाकीचं हसतमुखाने परत करायची. दारातून परत! दिलेला खाऊ दारातून परत करतात, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आजींचे गोळे कोणी परत केले नाहीत. वाईट वाटेल म्हणून घेतले सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी कचऱ्याचा डबा आणायला रस्त्यावर गेल्या, तर कोपऱ्यावरच्या चरात त्यांचेच मेणकागद पडलेले, आतले गोळे न उघडलेले. त्यांनी ते सगळे उचलून आणले आणि मला दाखवले. रडल्या नाहीत. "आता पुरे," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षीपासून त्यांनी हॅलोवीनला बाहेरचा दिवा लावायचं बंद केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या बाईने तीस वर्षं ह्यांच्या पोरांना खाऊ घातलं, आणि हे तिला विष घालणारी समजतात?

आणि गंमत बघा, ह्या सगळ्या येडेपणात माझाही हात होता. मी एक्स-रे टेक्निशियन. पुण्यात शिकले, इथे पुन्हा परीक्षा दिल्या आणि गावातल्या हॉस्पिटलात लागले. हॅलोवीनच्या संध्याकाळी आमच्या हॉस्पिटलने जाहीर करून टाकलं की मुलांचा खाऊ आणा, आम्ही फुकट एक्स-रे काढून देतो. झालं! सहा वाजल्यापासून रांग. चेटकिणी, चाचे, वाघ, सगळे कॉरिडॉरमध्ये आईबापांचे हात धरून उभे, आणि मी पिशव्यांचे फोटो काढतेय. माणसांची मोडलेली हाडं बाजूला राहिली आणि मी चॉकलेटांची तपासणी करतेय, कपाळ माझं! सलग तीन वर्षं माझी त्या संध्याकाळी ड्यूटी लागली. इतक्या पिशव्या पाहिल्या, काही म्हणजे काही सापडलं नाही. स्टेपलरच्या पिना दिसायच्या, कधी एखादं नाणं. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ऐकवायची की तुम्हा लोकांना वेड लागलंय.

मग ते वर्ष आलं. दिवाळी आणि हॅलोवीन एकाच आठवड्यात पडले. मी ठरवून टाकलं की यंदा आपल्या दारातून बेसनाचे लाडू जाणार. हे म्हणाले, "कोणी खाणार नाही गं. उगाच तुझी चिडचिड होईल." आजींनीही माझा हात धरून सांगितलं, "नको करूस, बाळ. मी करून बसलेय." मी कोणाचं ऐकते! म्हटलं, सगळ्यांनीच भिऊन दिवे मालवले तर कसं व्हायचं? माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाला साधी ढेकरसुद्धा वाईट आलेली नाही.

आदल्या दिवशी बटर कढवून तूप केलं, बेसन मंद गॅसवर तासभर भाजलं, घरभर वास सुटला. पिठीसाखर, वेलदोड्याची पूड, आणि मळून मळून लाडू वळले, सत्तरएक तरी असतील. प्रत्येकावर एकेक बेदाणा दाबला, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाल रिबीन बांधली. आमची लेक तेव्हा सहा वर्षांची. रिबिनी तिने कापल्या. "मॉम, दे आर सो प्रिटी!" म्हणाली. मला आपलं बरं वाटलं.

हॅलोवीनला माझी ड्यूटी सहाला होती, पण लहान मुलं साडेचारपासूनच यायला लागली. मी दिवाळीचं म्हणून रेशमी साडी नेसले होते, कपाळाला कुंकू, सैल वेणी, आणि मांडीवर परात घेऊन दारातच खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या दोन-चार आयांचे चेहरे बघून माझ्या लक्षात आलं होतं की हे लाडू कुठे जाणार. पण नंतर एक तीन-चार वर्षांची मुलगी आली, नारिंगी कापडाचा भोपळा झालेली. कापूस जास्त भरल्यामुळे तिला हात खाली करता येत नव्हते. तिने लाडू दोन्ही हातांत घेतला, नाकाला लावला, वास घेतला आणि पिशवीत न टाकता छातीशीच धरून ठेवला. मी तिला विचारलं, "तुझं काय झालंय आज, भोपळा की टोमॅटो?" ती एवढी खिदळली! तिची आई फाटकापाशी उभी होती, तिथूनच तिने हात हलवला. त्या एका पोरीने माझा दिवस गोड केला. मी लाडवांची परात ह्यांच्या ताब्यात दिली, साडी बदलली आणि कामावर गेले.

कामावर मी टिकली लावत नसे. कोणी मनाई केली नव्हती, माझं मीच ठरवलं होतं. प्रत्येक पेशंटला तेच ते कोण सांगत बसणार? पांढरी पँट, पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर चष्मा. सातच्या सुमाराला रांगेत तो भोपळा दिसला. मी ओळखीचं हसले. आईने माझ्याकडे पाहिलं, पण अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. भोपळा तिच्या कडेवर होता, रडून रडून नाक लाल आणि तोंड आईच्या मानेत. मी बोलणारच होते, तेवढ्यात तीच बोलली.

"एवढं एकच बघा," म्हणाली आणि तिने पिशवीतून लाल रिबिनीचा लाडू काढून दाखवला. "आमच्या मागच्या गल्लीत एक इंडियन बाई आहे, तिने दिलाय. बाई तशी छान वाटली हो. पण ह्या लोकांच्या घरात काय असतं, कसं करतात, कोण जाणे! मी तर टाकूनच देणार होते, पण ही ऐकेना. हा सोडून दुसरं काही नकोच म्हणते. तुम्ही ठीक आहे म्हणालात तर देईन बापडीला."

मला कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. समोरासमोर, माझ्या तोंडावर, माझ्याच लाडवाबद्दल! आणि बोलणारी वाईट नव्हती, हे त्याहून वाईट. दमलेली होती, लेकीच्या काळजीत होती, आणि कशी का असेना, लाडू द्यायला तयार होती. मी मनात म्हटलं, थांब बाई. आता एक्स-रे काढते, फिल्म तुझ्या हातात ठेवते आणि मग सांगते की ती इंडियन बाई मीच. बघू दे तुझं तोंड कसं होतं ते! सुडाचं म्हणा, पण मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. मी पिशवी घेऊन आत गेले. लाडू मुद्दाम सगळ्यांपासून वेगळा, टेबलाच्या मधोमध ठेवला.

फिल्म धुऊन बाहेर आली. ती मी दिव्याच्या पाटीवर लावली.

लाडवाच्या करड्या गोलाच्या आत एक पांढराशुभ्र ठिपका होता. नुसता ठिपका नाही. भिंगातून पाहिलं तर त्याला आटे होते. धातूचा तुकडा! तीन वर्षांत एवढ्या पिशव्या तपासल्या, काही सापडलं नाही, आणि सापडलं ते माझ्या लाडवात? माझी मतीच गुंग झाली. म्हटलं, कोणी घातलं हे? खरोखर मनात तेच आलं, की कोणीतरी घातलं! शेजारपाजारच्या कोणाकोणावर क्षणभर संशयसुद्धा घेऊन झाला.

मग हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. आदल्या रात्री लाडू वळून झाल्यावर माझी मोत्यांची कुडी हातात आली होती. कानामागे ती घट्ट बसवणारी सोन्याची इवलीशी फिरकी कुठेतरी पडली होती. मी आणि ह्यांनी गालिच्यावर गुडघे टेकून अर्धा तास शोधली आणि सोडून दिली. उद्या व्हॅक्यूम करताना सापडेल म्हणून. लाडू वळता वळता कान खाजला असणार, तुपाचा हात लागून फिरकी सैल झाली असणार, आणि पडली ती सरळ बेसनात. सणाला दागिने घालून लाडू वळायला बसायची हौस माझी, दुसऱ्या कोणाची?

मी त्या खोलीत एकटी उभी होते. नियम सरळ होता. काही सापडलं तर सुपरवायझरला सांगायचं, तो पोलिसांना बोलावणार, पोलीस त्या घरी जाणार. त्या घरी म्हणजे माझ्या! तिथे हे परात घेऊन दारात बसलेले, लेक परी झालेली. आमचे ग्रीनकार्डाचे कागद तेव्हा अजून सरकारदरबारी अडकलेले. आणि उद्या टीव्हीवर काय येईल, ते मला डोळ्यांसमोर वाचता येत होतं. फिरकी एकच हरवली होती, दुसरी कुडीला जागच्या जागी होती, म्हणजे बाकीच्या लाडवांत काही नव्हतं. हे मी स्वतःला चार-चारदा बजावलं. तरी भिंतीवरच्या फोनवरून घरी फोन केला आणि ह्यांना म्हटलं, "लाडू देणं बंद करा. आत्ताच्या आत्ता." हे विचारत राहिले, का, काय झालं? मी फोन ठेवून दिला.

ती पोर तो लाडू खाणार होती. रडून मागत होती. आईचं तोंड बघायच्या घाईत मी फिल्म न काढताच तो पोरीच्या हातात दिला असता, तर? ती एवढीशी, तिचा घसा तो केवढा! आजही हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो.

बाहेर जाऊन खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं. लाडू माझा, फिरकी माझी, चूक माझी, माफ करा. चार वाक्यं. तेवढं इंग्रजी मला पहिल्या दिवसापासून येत होतं. मी काय केलं? लाडू उघडला, बोटांनी फोडला, फिरकी काढून कोटाच्या खिशात टाकली. लाडवाचा भुगा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या टोपलीत तळाशी दाबला. फिल्म दुमडून पर्समध्ये घातली. मग साबणाने हात धुतले, कारण हातांना वेलदोड्याचा वास येत होता.

बाहेर आले आणि पिशवी तिच्या हातात दिली. "बाकी सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "घरी केलेलं तेवढं मी टाकून दिलंय. अनोळखी लोकांच्या घरचं देऊ नये मुलांना. उगाच रिस्क कशाला घ्यायची?"

"त्यात काही होतं का?" तिने विचारलं.

"नाही हो. काही नव्हतं."

म्हणजे मी धातूही लपवला आणि त्या इंडियन बाईची बाजूही घेतली नाही. आजींचे गोळे चरात फेकणारे लोक दुसरं काय म्हणाले असतील? हेच म्हणाले असतील. शब्द माझ्या तोंडून इतके सहज निघाले की माझी मीच ऐकत राहिले.

"थँक गॉड, तुमच्यासारखी माणसं आहेत," ती आई म्हणाली. खरोखर मनापासून म्हणाली. "तुमच्यावर विश्वास ठेवता येतो."

आणि तेवढ्यात भोपळ्याने मान वर केली. माझा आवाज ऐकला असणार. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला. बोट माझ्या नाकापर्यंत आणून ती ओरडली, "मम्मी, ही तीच! हिनेच दिला मला! हिला सांग ना, अजून एक दे."

रांगेतल्या चार माणसांनी वळून पाहिलं. आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता मात्र नीट पाहिलं. तिला शंका आली होती, मला दिसत होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मी नव्हते. मी दुपारपासून इथेच आहे."

आईचा चेहरा शरमेने लालबुंद झाला. "सॉरी हं," ती घाईघाईने म्हणाली, "लहान आहे ती. तिला तुम्ही सगळे सारखेच दिसता." मग तिने लेकीचा हात खाली ओढला आणि दरडावून सांगितलं की असं कोणाकडेही बोट दाखवायचं नाही आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही.

"पण तीच आहे," ती पोर म्हणाली. ह्या वेळी हळू आवाजात, आणि आईला नव्हे, मला. माझ्याकडे बघत ती वाट पाहत होती, मी हो म्हणायची. आई म्हणाली, "आधी ह्यांना सॉरी म्हण." पोरीचा खालचा ओठ थरथरला. ती सॉरी म्हणाली. आणि मी, त्या सगळ्या माणसांसमोर, त्या पोरीला म्हटलं, "इट्स ओके, बेटा."